कांद्याचा आवाज

बेलाचेवने पातेल्याशी कान नेला आणि डोळे मिटून घेतले. तीन किलो लाल कांदा तेलाच्या थेंबाशिवाय नुसत्या आचेवर चरचरत होता.

"अहो, कांदा नाकाने ओळखतात, कानाने नाही," स्टुलावर बसलेली त्याची बायको अस्कालेच म्हणाली. तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवड्यांपूर्वी ती चर्चच्या पायरीवरून घसरली होती.

"गप्प बस गं जरा. अजून पाणी आहे त्यात. ऐक की!"

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचे दिवस होते. दुपारची प्रार्थना संपेपर्यंत तोंडात पाणीही घ्यायचं नाही, मग रश्शाची चव कुठली घेणार? देस्से गावातल्या बायका या दिवसांत वासावर स्वयंपाक करतात आणि त्यांचं सहसा चुकत नाही. बेलाचेवला तसलं नाक नव्हतं. त्याने एकतीस वर्षं अदिस अबाबाची बस चालवली होती, आणि तार्माबेरच्या घाटात इंजिन नुसतं कण्हलं तरी काय दुखतंय ते त्याला समजायचं. त्याच्या भरवशाचे होते ते कानच.

चरचर हळूहळू बारीक झाली आणि मग एकदम थांबली.

"आत्ता!" तो ओरडला. त्याने तेल ओतलं, त्यावर तिखटजाळ लाल बर्बरे मसाला टाकला. असा खकाणा उठला की दोघंही खोकून खोकून हसायला लागले. साठी उलटलेल्या या माणसाला पहाटेपासून नुसतं उधाण आलं होतं. या कांद्यात घालायची मसूर शिजली होती, हळदीतली कोबी-गाजर-बटाट्याची भाजी मंद आचेवर होती, पालेभाजी निवडून झाली होती, शिरोचं, म्हणजे तिथल्या पिठल्याचं, पीठ मोजून ठेवलं होतं. एवढी धांदल त्याने पहिली बस हातात घेतली तेव्हाही केली नसेल.

कारणही तसंच होतं. येशूच्या आईच्या, मरियमच्या नावाने बारा घरच्या बायका दर महिन्याला एकीच्या घरी जमायच्या, जेवायच्या, आणि मरियमचा पेला महिनाभर त्या घरी राहायचा. अस्कालेचची पाळी नेमकी आज आली होती. हात मोडला म्हणून पाळी सोडायची, तर पेल्यासाठी पुन्हा वर्षभर थांबायचं. नऊ वर्षांत तिने एकही पाळी चुकवली नव्हती. "मी करतो," असं बेलाचेव म्हणाला तेव्हा ती आधी हसली, मग रडली, आणि शेवटी तिने एक अट घातली.

ती अट तिने आता पुन्हा बजावली. "कोंबोल्चाहून माझी भाची आलीय, तिने केलंय सगळं. ती लाजरी आहे, बाहेर येत नाही. लक्षात आहे ना?"

"उपवासात खोटं बोलायचं?"

"नवऱ्याला चुलीपुढे बसवलं म्हणून त्या येशीबाई मला मरेपर्यंत टोचून खातील. त्यापेक्षा मी ईस्टरच्या आधी पाद्रीबाबांपुढे कबूल करीन. मीठ घातलंत?"

"घातलं की."

भांडी चार होती. कोणत्या भांड्यात, ते तिने विचारलं नाही आणि त्याच्याही डोक्यात आलं नाही.

बायका पांढऱ्या ओढण्या सावरत आल्या, त्यांच्याबरोबर रुमालात गुंडाळलेला पेलाही आला. प्रार्थना झाली. वेताच्या टेबलावर आंबवलेल्या पिठाचा, मोठ्या धिरड्यासारखा इंजेरा पसरला होता आणि त्यावर लाल, पिवळे, हिरवे ढीग बेलाचेवने आधीच मांडून ठेवले होते. तो स्वयंपाकघरात पडद्यामागे उभा राहिला. जीव नुसता कानात गोळा झाला होता.

आधी नुसता खाण्याचा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं, "कांदा बघा कसा विरघळलाय!"

"शिरोत एक गुठळी सापडेल तर शपथ."

"अस्कालेच, हिला परत पाठवू नकोस बाई. माझ्या मुलासाठी मागणी घालते."

हशा उठला. पडद्यामागे बेलाचेवने स्वतःची मूठ दाबून धरली. त्याला उडी मारावीशी वाटत होती आणि जागचं हलायची सोय नव्हती. सगळं कौतुक त्या कोंबोल्चाच्या भाचीच्या पदरात पडत होतं, आणि तिचं नावही दोघांनी ठरवलं नव्हतं.

मग येशीबाईंचा आवाज आला. सगळ्यांत वडील त्या, आणि जीभही सगळ्यांत तिखट त्यांचीच. "पोरीला बोलाव. रांधणारीला घास भरवल्याशिवाय मी उठत नाही."

"ती लाजते हो, येशीबाई."

"मग मीच आत जाते."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बेलाचेवने इकडेतिकडे पाहिलं. मागचं दार लाकडांच्या ढिगाने अडलं होतं.

"बसा," अस्कालेच म्हणाली.  मग तिने खणखणीत हाक मारली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्याची बस उशिरा आली, तेव्हा भर स्टँडवर तिने त्याला अशीच हाक मारली होती. "अहो! या बाहेर. एप्रन काढू नका."

तो बाहेर आला. हाताला हळद, बाहीला मसाला, डोळे कांद्याने लाल. अकरा बायका त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भाची वगैरे कोणी नाही," अस्कालेच म्हणाली. तिचा चेहरा तापला होता, पण मान ताठ होती. "तीन आठवडे हेच मला भरवतायत. आजचंही यांनीच केलंय. हसायचं तर हसा."

एकीला हसू फुटलं. येशीबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते विरलं. त्यांनी इंजेराचा चांगला मोठा तुकडा तोडला, त्यात मसूर भरली, गुंडाळली आणि हात पुढे केला.

"आ करा, ड्रायव्हरसाहेब."

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. तो घास तोंडात गेला आणि स्वतःच्या हातची आजची मसूर त्याने पहिल्यांदा चाखली. कांदा लोण्यासारखा झाला होता. मसाला बरोबर मुरला होता. आणि मीठ अजिबात नव्हतं.

त्याने दचकून ताटाकडे पाहिलं. मसुरीचा लाल ढीग सगळ्यांत आधी संपला होता. तळाचा इंजेरासुद्धा पुसून खाल्लेला होता. त्याचे डोळे भरून आले, पण त्याचा दोष कांद्यावर ढकलायची सोय होती.

एका घासावर थांबायची रीत नाही. येशीबाईंनी दुसरा घास भरवला, तिसराही भरवला, आणि ओढणीला बोटं पुसली.

"पुढच्या महिन्यात माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी लवकर या. कांदा तुमच्याकडे." मग त्या अस्कालेचकडे बघून हळूच हसल्या. "मीठ मी घालीन."