काचेआडचे ऊन

सुज्ञ वाचकहो, व्यवसायाने रंगारी असलेला मी, माझ्या थोरल्या भगिनीच्या श्वासावर जो प्रसंग ओढवला तो यथामती कथन करीत आहे. चित्त घट्ट करून वाचावा, ही विनंती.

माझे भाऊजी काचा बसविण्याचा व्यवसाय करतात. ताईस दर हिवाळ्यात सर्दी-ताप गाठीत असे व दम छातीत अडकत असे. तिला वारा बाधू नये म्हणून त्यांनी घराचा सज्जा स्वहस्ते काचबंद केला. ताई रोज तेथे उन्हात बसे.

"काय राणीसाहेब, महाल आवडला का?" भाऊजी थट्टा करीत.

"बरणीत भरून ठेवलंय तुम्ही मला!" ती हसे.

यंदा मात्र विषाणूने तिच्या फुफ्फुसांत ठाण मांडले. इस्पितळात प्राणवायू लावावा लागला. डॉक्टरीणबाईंनी ताईच्या खोलीच्या दारातच रक्ताचा अहवाल पाहून विचारले, "या उन्हात जातच नाहीत का? व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच."

"रोज बसते हो! काचेच्या सज्ज्यात," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

"काचेतून ऊब येते. पण ज्या किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व बनतं, ते काच अडवते."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच..."

"तसं म्हणू नका. ते कमी असलं की अशा संसर्गाशी झुंजायला बळ कमी पडू शकतं, इतकंच. आजाराला कारणं पुष्कळ असतात."

"मग त्या जीवनसत्त्वाच्या औषधाची सगळी बाटली आत्ताच पाजा ना!"

"जास्त झालं तर अपाय होईल. आणि आजचा ताप त्याने उतरणार नाही. ही पुढची तजवीज आहे."

"पुढचं कुणी मागितलंय, बाई? मला आजचं द्या!"

तदनंतर ते तडक ताईच्या खाटेशी गेले. बंद खिडकीबाहेर लख्ख ऊन पडले होते. त्यांनी खिशातून कामाची पटाशी काढली आणि काचेच्या कडा उकरण्यास आरंभ केला.

"अहो काका, वेड लागलं का?" परिचारिका ओरडली. मी धावत जाऊन त्यांना कंबरेत मिठी मारली.

ताईने मास्क किंचित बाजूस सारला. "अहो... ऐकलं मी सगळं. तिथं बसून फार बरं वाटायचं मला. आता जरा... माझ्याजवळ बसा ना."

ते बसले. तिची बोटे त्यांनी मुठीत धरली. तिची छाती वर येते, थांबते, आणि आम्हा दोघांचाही श्वास तेथेच थांबतो. पुन्हा वर येते. या क्षणी याहून अधिक मजजवळ सांगण्यासारखे काही नाही.

येथवर सोबत केलीत, त्याबद्दल वाचकांचा अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
रंगारी, ताईचा धाकटा भाऊ