राखणीचा तंबू

ह्या माणसाला रीतभात म्हणून राहिली नाही. दसरा झाला की आमचे हे अंथरूण उचलून गॅलरीत झोपायला जातात आणि खाली कुत्रं भुंकलं की पत्र्याचा डबा बडवतात. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, चौथ्या मजल्यावर! ह्यांना वाटतं भातात रानडुकरं शिरली. यंदा सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याच गाड्या राखतायत, फुकटात. चहा घेता?" बाहेरच्यापुढे नवरा पडू देत नाही मी. पण दार लागल्यावर ह्यांना असं सोललं की विचारू नका.

भात पिकलं की राखणीला जायचं, हे हाडात बसलंय. धरणाचं पाणी वाढलं, गाव खाली गेलं, खाचरं गेली, आम्ही बदलापुरात आलो. हाड तेच राहिलं.

आता नवीन खूळ. त्याच धरणाच्या काठावर कुणी तंबू ठोकून कॅम्प काढलाय, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. ह्यांनी आमच्या महेशला परस्पर सांगितलं, मला कापणीपर्यंत तिथं राहायचंय. एकट्याला. बायकोला विचारायचं सोडा, मला पोराकडून कळलं! मी म्हटलं, आधी जागा बघू. पोरगी द्यायची तर घर बघतो, नवरा द्यायचा तर तंबू बघायला नको?

महेशने गाडीने सोडलं. कॅम्पवाला संतोष अर्ध्या चड्डीत पुढे आला.

"आजी, लाईट आहे, पंखा आहे. रात्री बार्बेक्यू."

"ते काय?"

"निखाऱ्यावर कोंबडी भाजतात."

"मग भाजलेली कोंबडी म्हण की मेल्या."

गादी दाबून बघितली, दमट. संडास लांब, वाट दगडांची.

"म्हाताऱ्याला रात्री उठायचं झालं तर?"

"बॅटरी देतो ना."

"बॅटरी हात धरून नेणार आहे?"

संतोष हसला. हे नाही हसले. हे काठावरच्या शेवटच्या तंबूपाशी जाऊन उभे होते, पाण्याकडे तोंड करून.

"हाच घ्यायचा," म्हणाले. "ते बघ, आपलं खाचर. माळा तिथं होता."

मला नुसतं पाणी दिसलं. त्यावर ऊन, आणि एक बगळा.

माळा म्हणजे खाचरात चार लाकडांवर उभारलेलं, राखण करणाऱ्याच्या निजेपुरतं मचाण. तिथं बाईमाणसाने राहायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. दिवस मावळायच्या आत बांधावर भाकरी द्यायची आणि मागं फिरायचं. वळूनसुद्धा बघायचं नाही, सासूने बजावलेलं. मग घरात पडल्या पडल्या ह्यांची हाळी ऐकायची. हाळी आली की कूस बदलायची, लांबली की उठून बसायचं. नवी नवरी होते तेव्हाही तसंच, पोरं झाली तरी तसंच. पिकल्या भाताचा वास अंगावर घेऊन हा माणूस तिथं कसा निजत असेल, चांदण्यात त्याचं तोंड कसं दिसत असेल, एकदाही बघायला मिळालं नाही. गाव बुडालं तेव्हा सगळ्या बाया आपापल्या उंबऱ्यासाठी रडल्या. मी त्या माळ्यासाठी रडले. कुणाला कळू दिलं नाही.

"मग काका, तुम्ही एकटेच ना?" संतोषने विचारलं. "एकच खाट टाकतो."

"एकटाच," हे पाण्याकडं बघतच म्हणाले. "हिला कशाला त्रास?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने आधी पुसलं. रडक्या तोंडाने मी कधी निकाल देत नाही.

"अहो, तोंड इकडं करा. त्रास म्हणे! उभा जन्म मला बांधावरून माघारी लावलंत, आता कुठली सासू अडवायला बसलीय? खाटा दोन लागतील, सांगा त्याला. कापणीपर्यंत मीही राहणार. आणि त्या पाण्यात तुम्हाला जे काय दिसतंय ना, ते मला शेजारी बसवून दाखवायचं."