सरजाबाईच्या घागरीशेजारी

रिकाम्या रांजणाच्या बुडाला तांब्या खरडला आणि झोळीतलं तान्हं दचकून जागं झालं. पंचशीलानं त्याला खांद्याशी घेतलं, घागर कमरेला लावली आणि लेकीला, सिंधूला, पुढं घालून बाहेर पडली. टँकर यायची वेळ झाली होती.

रेणापूरकडच्या त्या गावात आणीबाणी आली नि गेली, लातूर नवा जिल्हा झाला, वर दुष्काळ येऊन बसला. सरपंच मात्र शेषेरावच. काल चावडीवर म्हाताऱ्या सरजाबाईनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, वस्तीच्या टँकरची दुसरी खेप तुमच्या मोसंबीला कशी जाते? शेषेराव चिडला नाही. हसला, म्हातारीला बसायला खुर्ची द्या म्हणाला. आज तर तो गावातच नव्हता. नव्या जिल्ह्याच्या कसल्याशा सत्काराला लातूरला गेला होता.

तरी रांगेत सरजाबाईच्या घागरीच्या मागंपुढं हातभर जागा मोकळी होती.

वस्तीतली निम्मी बाळंतपणं या बाईनं केलेली. पंचशीलाची दोन्ही लेकरं तिच्याच हातांत जन्मली. पंचशीलानं आपली घागर नेऊन नेमकी त्या मोकळ्या जागेत टेकवली.

"दूध येतंय का गं पोराला?" सरजाबाईनं विचारलं.

तेवढ्यात सासू नागुबाई मागं येऊन उभी राहिली. पंचशीलाला हलकेच म्हणाली, "दूध आटत चाललंय तुझं. उद्या टँकर वस्तीवर आलाच न्हाई तर?"

"सरपंच काय म्हनले का, आत्याबाई?"

"म्हनाया कशाला पायजे?"

पंचशीलाच्या अंगाची आग झाली. हे अंतर तिच्या ओळखीचं होतं. तिच्या आजीच्या घागरीपासून गाव असंच लांब सरायचं. तो विटाळ झुगारून ही माणसं बुद्धाला शरण गेली, आणि आता आपल्याच बाईचा विटाळ धरून राहिली होती. शेषेरावला ना पोलीस लागला ना काठी. त्याचं काम वस्ती फुकटात करून देत होती.

खांद्यावरचं पोर कोरड्या ओठांनी पदर चोखू लागलं. वळणावर टँकरचा आवाज आला.

पंचशीलानं घागर उचलली. रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली.

"जा माय, लेकरू ल्हान हाय," एवढंच सरजाबाई मागून म्हणाली.

सिंधू मात्र जागची हलली नव्हती. सरजाबाईशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली, मग आईजवळ आली.

"आई, सरपंचकाका तर लातूरला गेलेत. मग घागर काढाया तुला कुनी सांगितलं?"