इतर येणाऱ्या भाषा

गुंडूआण्णांनी बेलवर बोट ठेवलं आणि आतून कडी वाजेपर्यंत काढलंच नाही. उपासना कांबळे एक पायरी खाली उभी होती, गळ्यात ओळखपत्र आणि हातात मोबाइल घेऊन. ती सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. जनगणनेची ड्यूटी लागली म्हणून सीमाभागातल्या या कॉलनीत घरोघर फिरत होती. गुंडूआण्णांना कुणी ड्यूटी लावलेली नव्हती. ती त्यांची त्यांनीच लावून घेतली होती.

"काका, मी जाते की एकटी. तुम्ही उन्हात कशाला?"

"तुमास्नी काय म्हाईत, बाई. हितली मानसं कशी हाईत ते मला इचारा."

माणसं कशी आहेत हे त्यांना विचारण्याची गरजच पडायची नाही, ते आपणहून सांगायचे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत जन्म घालवून त्यांनी इथं प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं होती. मग लोक येत गेले. संकेश्वरकडचा एक ऊसवाला आला, त्यानं तीन मजले चढवले आणि खालचा मजला गाडीला देऊन टाकला. रेल्वेतून निवृत्त झालेला एक आला, तो सहसा बोलायचा नाही, बोललाच तर हिंदीत. मागून बँकवाले आले, क्लासवाले आले, घरात बसून बेंगळुरूची नोकरी करणारी पोरं आली, ज्यांचा दिवस दुपारी उगवतो. गुंडूआण्णांच्या मते हा सगळा पुरात वाहून आलेला गाळ होता. ते स्वतः लोंढा गावाकडच्या एका खेड्यातून डोक्यावर ट्रंक घेऊन आले होते, पण ते त्यांच्या लेखी वेगळं. आधी आला तो मालक, मागून आला तो उपरा, असा त्यांचा साधासुधा कायदा होता.

उपासनाही त्या कायद्यातून सुटलेली नव्हती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आण्णाप्पा कांबळ्याची पोर आज आपल्यालाच जात-धर्म विचारत फिरणार, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. सकाळी भेटल्याबरोबर त्यांनी तिचं गाव, वडील आणि आडनाव काढून घेतलं होतं आणि मग "अस्सं" म्हणून मान डोलावली होती. पण मास्तरीण मराठी शाळेची होती, तेवढ्यासाठी त्यांनी तिला चालवून घेतलं. तो "अस्सं" उपासनाला चांगला ओळखीचा होता. तसली माणसं तिला शाळेच्या पालकसभेत नेहमी भेटत, आणि ती त्यांच्याशी जितकं गोड बोलायची तितकीच त्यांची तिला किळस यायची.

दार उघडलं. गोकाककडचा तरुण माणूस होता, बँकेतला, भाडेकरू. त्यानं सगळी उत्तरं कन्नडमध्ये भराभर दिली. उपासनाही त्याच्याशी कन्नडच बोलत होती. नाव, वय, शिक्षण, जन्म कुठला, हे सगळं सुरळीत झालं.

"मातृभाषा?"

"कन्नड. दोघांचीही," तो म्हणाला.

"थांबा," गुंडूआण्णा मध्ये पडले. "काय म्हनला त्यो?"

"दोघांची कन्नड म्हणतात."

"आनि बायकूच्या आईची भाषा नवऱ्यानं सांगायची व्हय? तिला बोलवा भायेर. तिच्या तोंडानं सांगू दे."

उपासनानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा हेतू कसलाही असो, बोलणं खोटं नव्हतं. समोर असेल त्या माणसाला त्याचं त्यालाच विचारायचं, असं प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. तिनं हाक मारली. नवऱ्यामागून पिठाचे हात घेऊन नीलम आली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग मोबाइलकडं.

"माझी मराठी," ती म्हणाली. "मी निपाणीची."

नवरा हसला आणि कन्नडमध्ये तिला म्हणाला, लिहू दे बाई, नाहीतर हे म्हातारडं दारातच मुक्काम ठोकेल. नीलमनं ओठ दाबून हसू आवरलं. गुंडूआण्णांची मान लाल झाली.

"काय बोल्ला?" त्यांनी पायऱ्या उतरताना उपासनाला विचारलं.

"काही नाही. बरोबर आहे म्हणाले."

आता हे विचारायचं त्यांना काही कारण नव्हतं. कन्नड येत नाही ही गुंडूआण्णांची आयुष्यभराची कमाई होती. फौंड्रीत मालक कन्नड, फोरमन कन्नड, भट्टीवरची निम्मी माणसं कन्नड, आणि कान काही कुणाला गावाकडं ठेवून येता येत नाहीत. समोरचा बोलेल ते त्यांना शिव्यांसकट कळायचं. पण उत्तर द्यायचं ते मराठीत, आणि कुणी विचारलंच तर "आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत न्हाय" म्हणून छाती पुढं काढायची. इतकी वर्षं काढूनही या माणसानं जिभेला बाट लागू दिला नाही, असं त्यांचं नाव सीमाभागातल्या मराठी मंडळींच्या बैठकीत निघायचं. गेल्याच बैठकीत त्यांनी उठून शब्द दिला होता की आमच्या गल्लीतलं मराठी म्हणून एक तोंड या गणतीत गळणार नाही.

ऊसवाल्याच्या दारात त्यांची थोडी पंचाईत झाली. मातृभाषा विचारल्यावर त्यानं नातवंडांकडं बोट दाखवलं. "आमच्या घरात आता इंग्लिशच लिवा, म्याडम. ह्येंचं बोलनं आमालाच कळत न्हाय."

"ऊस गोड लागला म्हनून मुळासकट खातोस व्हय रं?" गुंडूआण्णा म्हणाले. "मराठी लिवा त्येची."

ऊसवाला हसत हो म्हणाला. गुंडूआण्णा फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला थुंकले. "ह्येंच्या पोटी ही अवलाद. भाषा काय, उद्या बापबी बदलतील."

शेवटी त्यांचं स्वतःचं घर आलं. ते त्यांनी मुद्दाम मागं ठेवलं होतं.

"या. हितं तुमास्नी तरास न्हाय. डोळं झाकून लिवा."

मालुबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी उपासनाला खुर्ची दिली, पंखा लावला आणि चहाला वळल्या. घरी येणाऱ्या कामकऱ्यांसाठी कागदी कप आणून ठेवलेले होते. गुंडूआण्णांनी डोळ्यांनी तिकडं खुणावलं. मालुबाईंनी खूण पाहिली आणि शोकेसमधले काचेचे कप काढले. उपासनालाही ते दोन्ही दिसलं. ती खाली मान घालून मोबाइलवर बोट फिरवत राहिली.

"घरात माणसं किती?"

"दोघंच. पोरगा पुन्याला असतो. त्येची मोजदाद तिकडं." हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरला. पुण्यातला नातू, साईराज, फोनवर आजोबांशी "हॅलो" आणि "बाय" या दोन शब्दांत बोलायचा. पण हे या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

"मातृभाषा?"

"मराठी. दोघांचीबी."

उपासनाचं बोट थांबलं. मालुबाई चहाचा ट्रे घेऊन समोर उभ्या होत्या.

"काकू, तुमची मातृभाषा कुठली?"

तिनं नियम म्हणून विचारलं की सकाळपासूनचं उट्टं काढायला, हे तिचं तिला ठाऊक. मालुबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कप एकेक करून बाहेर काढले.

"कन्नड," त्या म्हणाल्या.

गुंडूआण्णा हसले. "चेष्टा करतीया. मराठी लिवा."

"चेष्टा कशाची त्यात? माझी आई कन्नडच बोलायची."

"तू मराठी बोलतीस की गं."

"तुमच्या घरात बोलते."

मालुबाईंचं माहेर हुक्केरीच्या पलीकडचं. घर मराठ्यांचं, पण चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं कन्नड. लग्न ठरताना जात एक आहे आणि देवक वेगळं आहे एवढं दोन्हीकडच्यांनी बघितलं, भाषा कुणी विचारली नाही. नवरी दारात आली तेव्हा गुंडूआण्णांनी सांगून टाकलं होतं की या उंबऱ्याच्या आत कन्नडचा शब्द चालणार नाही. तिनं वर्षभरात मराठी अशी उचलली की ती मूळची कन्नड हे शेजारणी विसरल्या, आणि पुढं पुढं गुंडूआण्णाही विसरून गेले. पदराला लागलेला चिखल वाळला की झडून जातो, तसंच हे झालं असेल, असं ते धरून चालले होते.

"गल्लीत मी काय तोंड दाखवू?" ते उपासनाकडं वळले. "मराठी लिवा, बाई. घरचा कर्ता मी हाय."

"काका, ज्याचं त्याच्या तोंडानं सांगू दे, असं तुम्हीच म्हणालात ना मघाशी?" उपासनानं शांतपणे कन्नडवर बोट ठेवलं. "तुमच्या नावापुढं मराठी लिहिलीय. इतर येणाऱ्या भाषा?"

"हिंदी लिवा थोडी."

"कन्नड?"

"ओ की ठो कळत न्हाय."

मालुबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्या पदर सावरून समोरच्या दिवाणावर बसल्या. उपासनानं त्यांना जन्मगाव विचारलं, तेही कन्नडमध्येच. मालुबाईंनी गावाचं नाव सांगितलं, मग घर गावात कुठं होतं तेही सांगितलं. पहिले दोन-चार शब्द अडखळत आले. त्यानंतर त्या थांबेनात.

गुंडूआण्णांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. बायको आपल्याच घरात, आपल्यासमोर, त्या कांबळ्याच्या पोरीशी पोटातलं बोलत होती, आणि तिला थांबवायचं तर ती काय बोलते ते कळतंय असं म्हणावं लागलं असतं. रागानं त्यांचे कान तापले. त्यांनी पान उलटलं.

मालुबाई सांगत होत्या की त्यांची आई लेकीच्या घरी एकदाच आली, ते आधीच्या भाड्याच्या घरात. तिला मराठीचा गंध नव्हता. ह्यांच्या धाकानं मायलेकी मोरीत पाणी सोडून हळू आवाजात बोलायच्या, आणि हे घरात असले की म्हातारी भिंतीला टेकून मुक्यासारखी बसायची. शेवटी तीच म्हणाली, मला माझ्या घरी पाठव. हे तिला स्टँडवर सोडायला गेले. शेजारची रुक्माबाई त्या वाटेनं बाजारातून येत होती. ती नंतर म्हणाली, तुझी आई जावयाचा हात धरून काहीतरी कळवळून सांगत होती गं, सारखं तुझं नाव घेत होती. रुक्माबाईला कन्नड कळत नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मला कुठं समजतंय तिचं बोलणं. त्याच पावसाळ्यात आई वारली. निरोप होता तो माझ्यासाठीच असणार, पण तो तसाच राहिला.

"त्यांना तरी काय बोलायचं," मालुबाई कन्नडमध्ये म्हणाल्या. "येतच नाही त्यांना. पण एक मनात डाचतं बघ. माझी म्हातारी आई, पोटात अन्न नाही, तशीच तिला बसमध्ये कोंबली. माणूस जनावरालाही पाणी दाखवतो. ह्यांनी तिला घोटभर पाणी विचारलं नाही."

"पानी दिलतं की," वर्तमानपत्रामागून गुंडूआण्णा म्हणाले. "आनि केळीबी घेऊन दिलती."

पंखा फिरत होता. वर्तमानपत्र होतं तिथंच राहिलं, फक्त ते धरणारे हात किंचित खाली आले आणि पुन्हा वर गेले. उपासनानं कप खाली ठेवला, पण मोबाइलला हात लावला नाही.

"दिलतं व्हय?" मालुबाई आता मराठीत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बरं केलं."

गुंडूआण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"म्हंजी वाटंत ती तुमचा हात धरून काय बोल्ली, तेबी कळलं हुतं तुमास्नी."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. ती वाकडी आली म्हणून उलगडून पुन्हा केली. "लई वर्सं झाली त्येला."

"काय बोल्ली?"

ज्या पोरीला कागदी कपात चहा द्यायचा होता, तिच्याकडं गुंडूआण्णांनी वळून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या बघण्यात तोरा नव्हता.

"बाई, तुमचं आनि काय इचारायचं ऱ्हायलंय का?"

"नाही, काका. माझं सगळं झालं," उपासना म्हणाली. पण ती उठली नाही.

मालुबाई दिवाणावरून उठून त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी कन्नडमध्ये.