खिळ्यावरची पिशवी

जुमाकादिर आजोबांना आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता आणि शब्द तोंडातच अडकत होते. वय एकोणऐंशी. त्यांच्या सुनेला, बुरुलला, वाटलं होतं की हे म्हातारपणच. सीटी स्कॅनमध्ये वेगळंच दिसलं. कवटी आणि मेंदूच्या मधल्या फटीत जुनं, पातळ झालेलं रक्त साठलं होतं आणि ते मेंदूला एका बाजूला रेटत होतं.

"डोक्याला कधी मार लागला होता का?" डॉक्टर जीपारने विचारलं.

बुरुल नाही म्हणाली. आजोबा मात्र अडखळत बोलले, "मेंढवाड्याची... चौकट. दोन महिने झाले."

"मग घरात सांगितलं का नाहीत?"

"घोड्यावरून पडलो असतो... तर सांगितलं असतं. चौकट लागली, हे काय... सांगायचं?"

मी मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागातली सगळ्यात जुनी परिचारिका. नारीन नदीकाठच्या त्या इस्पितळात सगळे मला एजे म्हणत, म्हणजे ताई.

रक्त काढायला हवं, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो कसं काढायचं याचा. मोठे डॉक्टर तुर्गुनबेक वर्षानुवर्षं कवटीला दोन भोकं पाडत, आतलं मिठाच्या पाण्याने धुऊन काढत आणि लगेच टाके घालत. जीपार वयाने त्यांच्या निम्मी. तिचं म्हणणं, भोक एकच पुरे, पण आत एक बारीक नळी दोन दिवस राहू द्यावी, म्हणजे मागे उरलेलंही हळूहळू निथळून जाईल.

"नळी म्हणजे जंतूंना दार उघडं," तुर्गुनबेक म्हणाले.

"आपलीच वही बघा, सर. गेल्या वर्षी चौदा जणांचं धुऊन बंद केलं. चार जणांचं पुन्हा साठलं."

"ती वही मीच लिहिलीय, पोरी. मला वाचून दाखवू नकोस."

तिसरा मार्ग होता, तो दोघांनाही नको होता. कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढायचा आणि सगळं उघडून साफ करायचं. त्याला पूर्ण भूल लागते. आजोबांचं हृदय इतकं दुबळं होतं की भुलीतून ते उठतील याची खात्री कुणीच देईना.

शेवटी तुर्गुनबेक म्हणाले, "बरं, घाल तुझी नळी. पण पिशवी भरायची थांबली आणि म्हातारा पुन्हा अडखळला, तर मी कवटी उघडणार."

तेवढीच जागा बधिर करून काम झालं. नळीचं दुसरं टोक एका पिशवीत सोडलं आणि पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला अडकवली. यंत्रातल्या जुन्या तेलासारखं काळपट रक्त थेंबथेंब उतरू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी स्वतः चहा मागितला, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात मीठ नाही म्हणून माझ्यावर डाफरले. मला बरं वाटलं. बुरुलला मी बजावलं, "नळी ओढू नकोस, दुमडू देऊ नकोस." आणि शस्त्रक्रियागृहात निघून गेले.

दुपारी नव्या परिचारिकेचा निरोप आला. चार तासांत पिशवीत थेंबाची भर नाही. आजोबा पुन्हा अडखळतायत, हातही जड झालाय. तुर्गुनबेकांनी शस्त्रक्रियेचं टेबल तयार करायला सांगितलं. आजोबांना न्यायला मी ढकलगाडी घेऊन गेले.

पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला होती. आजोबांचा पांढरा कल्पाक, त्यांची उंच लोकरी टोपी, टांगला होता त्याच खिळ्याला, त्यांच्या डोक्याच्या हातभर वर. नव्या मुलीने पिशवीवरचा आकडा तिथेच वाचला होता. डोळ्यांसमोर आल्यामुळे तिला सोपंच गेलं असणार.

"ही वर कुणी टांगली?"

"मी," बुरुल म्हणाली. "गावची वडीलधारी माणसं येणार होती, एजे. बाबांच्या डोक्यातून आलेलं, ते जमिनीशी लोंबतंय? टोपी आपण कधी खाली ठेवतो का?"

मला तिला रागावता येईना. माझ्या सासऱ्यांचा कल्पाक मीही जन्मभर उंचच टांगला. मी पिशवी खाली उतरवली. "चहाच्या समोवारची तोटी कुठे असते गं?"

"तळाशी."

"वर असती तर चहा आला असता?"

तिने तोंडावर हात धरला. "देवा! म्हणजे मीच त्यांना..."

"तू नाही. नळीचं सांगितलं, पिशवीचं सांगायला मी विसरले." दारात आलेल्या तुर्गुनबेकांनाही मी हेच ऐकवलं.

त्यांच्याबरोबर आलेली जीपार गुडघ्यांवर बसून नळी तपासत होती. "वरून थोडं उलटं आत गेलं असेल. जंतूंवरचं औषध वाढवते. सर, मला एक तास द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "एकच."

बराच वेळ काहीच उतरलं नाही. मग एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. तासाच्या शेवटी पिशवीतली पातळी दोन बोटं चढली होती आणि आजोबांनी उजव्या हाताने माझं मनगट दाबलं. जोर होता त्यात.

"टेबल रिकामं करा," तुर्गुनबेक म्हणाले आणि गेले.

बुरुल अजून त्या खालच्या पिशवीकडे बघत होती. आजोबांच्या ते ध्यानात आलं.

"सूनबाई, माझा कल्पाक काढ."

"घालायचाय? पट्टी आहे, बाबा."

"घालायचा नाही. त्या पिशवीशेजारी टांग."

"खाली?"

"डोकं माझं. त्याचं एक खाली नि एक वर कशाला?"

तिने दोनदा विचारलं, मग टांगला. नळी दुसऱ्या दिवशी निघाली. तोवर गावाहून जे जे आले, त्यांनी आधी खाली पाहिलं, मग आजोबांकडे, आणि पिशवीला कुणी हात लावला नाही.