लॉरीची खांदेमळण

मला एकच जानून घ्यायचं हुतं. ही लॉरी म्हातारी झाल्यावर कशी वागंल?

समदं भुशी गाव तिच्या रंगाला भुललं हुतं. हिरवीगार, म्होरं चकचकीत जाळी, नि भोंगा वाजला की भुशीतली कुत्री भिताडाला चिकटायची. मी म्हनलं, नवी नवी तर माझी सासूबी माझ्यासंगं ग्वाड बोलली हुती. नव्याचं काय घिऊन बसलाय, फुडचं बोला.

आमचं मालक गाडीवान. भुशीतनं गवात भरायचं, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला टाकायचं, नि येताना मिठाची पोती घिऊन घाट चढायचा, ह्यो त्यांचा धंदा. गाडीला हरन्या नि पाखऱ्या. दोनी खोंडं माझ्या हाताखाली वाढलेली. हरन्याची आई त्याला टाकून मेली, तवा मी त्याला दुधात फडकं बुडवून पाजलेलं. लेकरागत वाढवला म्हनतात तसं मी म्हनत न्हाई. लेकरं माझं काय ऐकत न्हवती, हरन्या ऐकायचा.

लॉरी अल्लाबक्षची. ह्यो लोनावळ्याचा, मालकांचा जुना सोबती. आदी धरनाच्या कामावर कंत्राटदाराची गाडी चालवायचा. आता सोताची घेतली नि थेट आमच्या दारात आनून उभी केली.

"अंबाजीभाऊ," तो म्हनाला, "बैल विकून टाका आणि माझ्यासोबत निम्म्या भागीत या. गावोगावचा माल तुम्हाला ठाऊक, गाडी मला ठाऊक. दोघं मिळून चार गाड्यांचं काम एका दिवसात करू."

मालकांचं त्वांड असं उजळलं की मला रागच आला. माझ्याकडं बघून कवा असं उजळलं न्हवतं.

"अल्लाबक्षभाऊ," मी म्हनलं, "बैल किती साल काम करतो ते मला ठावं हाय. कवा थकतो, थकला की कसा उभा ऱ्हातो, तेबी ठावं हाय. तुज्या लॉरीचं इंजान किती साल चालंल?"

"वहिनी, ते लोखंड आहे. लोखंड म्हातारं होत नाही."

"मग माझ्या इळ्याला गंज कुनी लावला?"

अल्लाबक्ष नुसता हसला. मी इचारून इचारून लोकांचं डोकं खाल्लं. बाजारात इचारलं, ठेसनावर हमालास्नी इचारलं. जो तो नव्या लॉरीचं कवतिक सांगायचा. म्हातारी लॉरी कुनी बघितलीच न्हवती. मावळात लॉऱ्याच आत्ता आलेल्या, म्हाताऱ्या हुयाला त्यास्नी येळ कुटं मिळाला?

मग कुनीतरी म्हनलं, तुंगार्लीला एका बंगल्यामागं जुनी मोटार पडलीया. मी तशीच गेले. तितला माळी नथू माझ्या माहेरचा. त्यानं पडवीमागं नेलं. मोटारीच्या गादीवर कोंबडी अंड्यावर बसलेली, चाकातनं घानेरीची झुडपं उगवलेली.

"हिचं इंजान गेलं का गेर?" मी इचारलं. गेरबाक्स म्हंजे काय ते तवर मला कळाय लागलं हुतं.

"काय बी न्हाई गेलं," नथू म्हनाला. "चांगली पळत हुती. सायेब गेलं. मग हाकनार कोन? जाग्यावरच बसली."

मी कपाळाला हात लावला. येवढी पायपीट करून हे ऐकायला आलते का मी? त्यात मला लॉरीचं कायबी कळलं न्हाई, आसं मला तवा वाटलं.

शेवटी मी माझ्या रीतीवर आले. आमच्याकडं बैल नुसता बाजारात बघून कुनी घेत न्हाई. घरी आनायचा, आपल्या दावनीला बांधायचा, आपल्या कामाला जुपायचा. खातो कसा, बसतो कसा, चढाला जीब काढतो का, समदं बघायचं. पसंत पडला तर ठिवायचा, न्हाईतर परत. पन आपल्या दावनीला असताना त्याला काय झालं तर भरून आपन द्यायचं. तितं मागं सरायची सोय न्हाई.

"लॉरी पोळ्यापतुर आमच्या दारात ऱ्हाईल," मी अल्लाबक्षला म्हनलं. "आमचं गवात वाहील. पसंत पडली तर बैल इकू. न्हाई पडली तर तुजी तू घिऊन जा."

"आणि मधल्या दिवसांत तिला काही झालं तर?"

"तर आमची जोडी तुजी."

बोलून बसले खरं. मला वाटलं, लोखंडाला काय हुतंय.

मग लॉरी आमच्या दारात ऱ्हायली. अल्लाबक्ष हाकायचा, मालक शेजारी बसायचं. आन ती परत आली की मी तपासनीला बसायचे. बैल कामावरनं आला की त्याच्या छातीला हात लावून बघत्यात, तसा मी इंजानाच्या झाकनाला हात लावायचे. निवताना आतनं टिक टिक वाजायचं, ते ऐकत बसायचे. रातभर खाली परात ठिवायचे नि सकाळी तेल गळलं का बघायचे. एका सकाळी चार थेंब गावलं तर मी अल्लाबक्षला उभं आडवं घेतलं. त्यो बिचारा चाकाखाली लोळून एक बोल्ट आवळून आला.

मला त्यानं समदं समजावलं. इंजान म्हंजे पोट. तितं खानं जळतं नि जोर तयार हुतो. पन भार झेलायचा तो गेरबाक्सनं, म्हंजे तो झाला खांदा. चढ आला की बारकं चाक मोठ्या चाकाला धरतं, जोर वाढतो, पळनं कमी हुतं. मला ते लय आवडलं. रोज नवं काय तरी इचारायचे. बैल सोडून दुसऱ्या कशाचा मी येवढा इचार केला न्हवता. मालक हसायचं, म्हनायचं, "तुला लॉरी आवडाय लागली."

"मला आवडायचा संबंध न्हाई," मी म्हनायचे. "मी तपासतीया."

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या सांजंला बैलांची खांदेमळन असती. वरीसभर ज्या खांद्यानं जू वढलं त्याला हळद नि लोनी चोळायचं, म्हनायचं, आज खांदं मळा, उद्या जेवायला या. मी वाडगं भरून लोनी काढून दिलं नि चुलीकडं गेले. मालकांनी हरन्याचा खांदा मळला, पाखऱ्याचा मळला. मग त्यांच्या मनात आलं, ह्या तिसरीनंबी आपलं वझं वाह्यलंय. तिचा खांदा का सोडायचा?

अल्लाबक्ष तेल कुटनं घालतो ते त्यांनी बघितलेलं. खालचा बोल्ट काढून आतलं काळं तेल सोडून दिलं. "असलं कुनी पाजील का," हे त्यांचं म्हननं. आन वरनं हळद घालून पातळ केलेलं लोनी गेरबाक्समदी वतलं. चोरून न्हाई, समद्यांदेखत. दोघं-तिघं बघून गेलं, कुनाला कायबी वावगं वाटलं न्हाई. मी बाहीर येऊन बघितलं नि म्हनलं, बरं केलंत. वाडग्यात थोडं उरलं ते फळीवर ठिवून दिलं.

पोळ्याला लॉरीबी बसून ऱ्हायली, मी हलू दिली न्हाई. दुसऱ्या दिशी अल्लाबक्ष ती घिऊन गेला. मालक शेजारी. दुपारी एक गाडीवान निरोप घिऊन आला: लॉरी घाट चढताना वळनावर उभी ऱ्हायलीया, बैल घिऊन या.

मी हरन्या-पाखऱ्याला सोडलं नि सोता निघाले. माझं बैल मी कुनाच्या हाती द्यायला तयार न्हवते. जाऊन बघते तर घाटात तूप कढवल्याचा वास सुटलेला. अल्लाबक्ष गाडीखालनं बाहीर आला, दाढीला हळद लागलेली.

"वहिनी," तो म्हनाला, "हे कुणी केलं ते विचारत नाही. का केलं तेवढं सांगा."

"खांदेमळन," मालक म्हनलं. तोंड येवढंसं झालेलं.

अल्लाबक्ष दगडावर बसला नि हसू लागला. मला मातर हसू येईना. लोनी वतलं तवा लॉरी आमच्याच दावनीला हुती. माझी जोडी त्याची झाली हुती.

"मोडलं का?" मी इचारलं.

"वास येताच थांबवली. खोलल्याशिवाय नाही कळणार. आधी वरच्या सपाटीला न्यायला पाहिजे, इथं वाट अडलीय."

पोती उतरवली, बैल जोडलं. मी हरन्याच्या तोंडाशी. अल्लाबक्ष आत बसला, मालक मागं गेलं नि चाकाला खांदा लावला. गाडीवान चढाला तसंच करतो, गाडीत बसून ऱ्हात न्हाई. हरन्या मान खाली घालून वढाय लागला. लॉरी हलली, वळन संपलं, सपाटी आली. बैलांनी नुसतं फुसकारलं. मी अभिमानानं मागं वळले.

मालक वाटंतच खाली बसलेलं. त्वांड राखुंड्यागत. हात छातीवर, दम लागून बोल फुटंना.

"काय न्हाई," त्यांनी बऱ्याच येळानं म्हनलं. "बसलो की बरं वाटतं."

मला त्यांचा लय राग आला. आन त्या रागाखाली भ्याव हुतं. मी पदरानं त्यांचं कपाळ पुसाय लागले.

अल्लाबक्षनं पानी पाजलं. त्याला नवल वाटलंच न्हाई. मी त्याच्याकडं बघितलं तवा तो खाली मान घालून म्हनाला, "वहिनी, गेल्या सालापासून चढाला ते असेच बसतात. गाडीवान सगळे बघतात. तुम्हाला सांगू नका म्हणाले. म्हणून तर मी भागी काढली. गाडीत बसून घाट चढता येतो."

मी घाटात कवा आलेच न्हवते. घरी तर मालक चालत यायचं, जेवायचं, झोपायचं. सपाटीला कुनालाबी दम लागत न्हाई.

अल्लाबक्षनं गेरबाक्स खोललं. आतली चाकं मी वाकून बघितली. लोन्यात भरलेली, पिवळी, पन दात न दात जाग्यावर. कायबी मोडलं न्हवतं, म्हंजे जोडी माझीच ऱ्हायली. त्यानं ती घासलेटनं धुतली, गावातनं तेल आनवून भरलं. लॉरी सुरू झाली, पयल्यागतच आवाज. लोनी खाऊन, बैलांनी वढून, ती चालू लागली.

"ही टिकंल," मी म्हनलं.

"मग बैल?" मालकांनी इचारलं. माझ्याकडं बघत न्हवतं.

"वाकसईच्या महिपतीला द्या. माझा मामेभाऊ हाय, मारनार न्हाई." हरन्याच्या मानंवर मी हात ठिवला हुता तो मला काडवेना. पन बोलले.

येताना मालकांनी लॉरीत बसून उरलेला घाट चढला. मी बैलांसंगं मागनं चालत आले.

त्या सांजंला फळीवरचं वाडगं काढलं. मालक अंगनात पडलं हुतं. शेजारी बसले नि त्यांच्या खांद्याला लोनी-हळद चोळाय लागले. जुवाचा घट्टा बैलाच्या मानंला पडतो तसा चाकाला टेकून टेकून त्यांच्या खांद्याला पडलेला. इतकी सालं संगं काढली, तो घट्टा मी कवा हाताखाली घेतला न्हवता.

"आगं, मी काय बैल हाय का?" मालक म्हनलं.

"बैल असता," मी म्हनलं, "तर मला आदीच कळलं असतं."