वर्षालीचा निर्जळी उपास

रस्त्यावर पडल्या पडल्या वर्षालीनं आधी पत्री पाहिली. मग आपले हातपाय पाहिले. धक्का देणाऱ्या गाडीकडं तिचं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं, तोवर ती पांढरी गाडी वीस पावलं पुढं जाऊन थांबली होती.

हरतालिकेची सकाळ होती. उद्या गणपती बसायचे म्हणून तिचा नवरा जीवन झेंडू-शेवंतीची पोती घेऊन पहाटेच टेम्पोनं अमरावतीच्या बाजारात गेला होता. पत्री मात्र वर्षालीची. पूजेला लागणारी सोळा तऱ्हेची पानं आदल्या दिवशी वलगावच्या बांधाबांधानं फिरून तोडायची, जुड्या बांधायच्या आणि सकाळी सायकलनं शहरातल्या ठरलेल्या बावीस घरी पोचवायच्या. लग्न झाल्यापासून सहा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. बायांची पूजा तिच्या जुडीवाचून अडते हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं पुण्य आपल्यालाही थोडं लागत असेल असं तिला वाटायचं.

गाडी मागून आली. समोरच्या ट्रॅक्टरला ओलांडायच्या घाईत तिचा आरसा सायकलच्या हँडलला लागला, हँडल गरकन फिरलं, आणि त्याची मूठ वर्षालीच्या डाव्या बरगडीखाली अशी रुतली की क्षणभर श्वासच आला नाही. मग ती जुड्यांसकट कडेच्या मुरमावर आडवी झाली.

गाडीतून नवरा-बायको उतरले. माणूस घाबरलेला, चेहरा पांढरा पडलेला. कुठं लागलं, दवाखान्यात चला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यानं पाण्याची बाटली उघडून पुढं केली तशी वर्षाली चटका बसल्यासारखी मागं सरली. त्याच्या बायकोच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, हातभर हिरव्या बांगड्या होत्या. तिला लगेच कळलं. अहो, पाणी नका देऊ, त्यांचाही उपास असेल, असं ती नवऱ्याला हळूच म्हणाली. दोघी बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मान हलवली. त्या एका मान हलवण्यात सगळं निस्तरल्यासारखं झालं. वर्षाली म्हणाली, मले काही नाही झालं. बाईनं खाली सांडलेल्या जुड्या उचलून दिल्या, एक जुडी स्वतःसाठी विकत मिळेल का असंही विचारलं, आणि गाडी गेली.

चहाच्या टपरीवरचे नत्थुजी हे सगळं पाहत होते. ते धोतर सावरत आले तेव्हा धूळसुद्धा बसली होती.

"नंबर घेतला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"फोटो?"

"नाही बाबाजी. लागलंच नाही त कायचा फोटो."

नत्थुजींनी तिला टपरीच्या बाकावर बसवलं. अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांनी एखाद्या मास्तरासारखं सांगितलं. आधी गाडीचा नंबर घ्यायचा, पाहणाऱ्या दोघांची नावं घ्यायची, सायकल जशी पडली तशी ठेवायची, ठाण्यात कळवायचं. आणि दुखो न दुखो, डॉक्टरला अंग दाखवायचं.

"उभं राह्यलेलं मानूस धडच असते असं नाही, पोरी," ते म्हणाले. "मार आत बसला असन त तो लागलीच बोलत नाही."

वर्षालीला ते ऐकायचं नव्हतं. दवाखान्यात गेलं की काय होतं हे तिनं पाहिलं होतं. आधी सलाईन लावतात. अन् सलाईन म्हणजे पाणीच की. तोंडातून घ्या नाही तर नसेतून, शेवटी अंगात पाणी गेलं ते गेलं. निर्जळी मोडली ती मोडली.

आणि निर्जळी मोडण्याची किंमत तिला माहीत होती. दोन वर्षांमागं आचल पोटात असताना, सातव्या महिन्यात, हरतालिकेच्या दुपारी तिला भोवळ आली होती. चुलीमागं उभं राहून तिनं अर्धा गिलास पाणी पिऊन टाकलं. सासूला सांगितलं नाही. रात्री फक्त जीवनला सांगितलं, तो हसला. त्याच महिन्यात शेवंतीला पाणी वळवताना त्याला साप चावला. हातात बॅटरी होती, तरी साप दिसला नाही, असं तो सगळ्या गावाला सांगत होता, आणि सगळं गाव म्हणत होतं की नशिबात होतं. वर्षाली एकटीच काही म्हणत नव्हती. चार दिवस तो काळानिळा पडून होता. ते चार दिवस तिनं त्या अर्ध्या गिलासाकडं पाहत काढले.

तिनं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं आणि जुड्या पोचवल्या. बावीसच्या बावीस. शेवटच्या पाच घरी सायकल हातानं ढकलत गेली, कारण पायडल मारताना बरगडीखाली कोणी तरी मुठीनं आतून दाबत होतं. डावा खांदा ठणकायला लागला होता. खांद्यावर तर आपण पडलोच नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं, पण तिनं तो विचार झटकला. जुड्या वाहून दुखत असेल.

परतताना एका ऑटोवाल्यानं सायकल मागं बांधून तिला वलगावला आणून सोडलं.

घरी सासू माणिकबाईंनी वाळूची गौर मांडली होती. गल्लीतल्या सात-आठ बाया जमल्या होत्या. माणिकबाई विधवा, पण अडतीस वर्षांत त्यांनी हा उपास सोडला नव्हता. सुनेचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या की एवढं ऊन डोक्यावर घेऊन कशाला आली, थोडी टेक. उपासाचं ऊन लागलं असेल, असं बाकीच्या बायाही म्हणाल्या. वर्षालीलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे, तसंच असावं असं तिनं ठरवून टाकलं.

पोथी सुरू झाली. पार्वतीला तिच्या सखीनं उचलून रानात नेलं, तिथं तिनं पाणीही न घेता तप केलं, असं वाचणारी बाई वाचत होती. वर्षालीचा घसा कोरडा पडला होता. पण ही दरवर्षीची तहान नव्हती. दरवर्षीची तहान जिभेवर असते, दुपारून सुस्त होते, संध्याकाळी मरून जाते. ही तहान पोटातून उठत होती, वाढत होती. तळहात थंडगार घामानं ओले झाले होते. बायांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे येत होते. नत्थुजींचं बोलणं तिच्या कानात फिरत होतं आणि ती गौरीच्या वाळूच्या डोळ्यांकडं पाहून मनात म्हणत होती, उद्या सकाळपर्यंत. फक्त उद्या सकाळपर्यंत धर मला.

पावणेदोन वर्षांची आचल धडपडत धावत आली आणि सवयीनं आईच्या मांडीवर धपकन बसली. तिचं डोकं वर्षालीच्या पोटाला लागलं.

वर्षालीच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं पोथी थांबली.

माणिकबाईंनी आधी पोरीला बाजूला घेतलं. मग सुनेचा पदर सारला. बरगडीखाली तळहाताएवढा जांभळा डाग होता, मधोमध हँडलच्या मुठीचा गोल वळ उठलेला.

"हे काय होय व माय?"

तेव्हा वर्षालीनं सांगितलं. गाडी, सायकल, हिरव्या लुगड्याची बाई. सांगता सांगता चुलीमागचा गिलासही तोंडून निघून गेला, तोही सात-आठ बायांसमोर. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता भिंत अंगावर येईल.

माणिकबाई आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्या सुनेच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "म्या अडतीस वर्सं थेंब नाही घेतला. तुहा सासरा बावन्नाव्या वर्सी गेलाच. देव तुहा गिलास मोजत नाही बसत."

हे ऐकून धीर यायला हवा होता. वर्षालीला उलट जास्त भीती वाटली. थेंब न घेता असं होतं, तर घेतल्यावर काय.

शेजारची ज्योत्स्ना गावाचं आरोग्य पाहणारी आशाताई होती. तिनं जवळ येऊन मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, मग पोटावर हलक्या बोटांनी दाबलं. पोट फळकुटासारखं टणक झालं होतं. तिनं अँब्युलन्सला फोन लावला, आणि माणिकबाईंनी तांब्या उचलला तशी एका हातानं तो अडवला.

"पानी नोको, मावशी. आता तर मुळीच नोको. ऑपरेशन लागलं त पोट रिकामंच पायजे."

सगळ्या दिवसात वर्षालीला पहिल्यांदा ते पाणी प्यावंसं वाटलं होतं. तांब्या हातभर अंतरावरून परत गेला.

अँब्युलन्समध्ये ज्योत्स्ना तिच्याशी बोलत राहिली, झोपू नको म्हणत राहिली. रस्ता तोच होता. टपरी आली, गेली. वर्षालीला वरचं पांढरं छत दिसत होतं, ते कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं.

सरकारी दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. पोटाची सोनोग्राफी झाली. एका तरुण डॉक्टरीणबाईनं समजेल अशा शब्दांत सांगितलं की डाव्या बाजूला पानथरी नावाचा अवयव असतो, तो फाटला आहे, सकाळपासून रक्त आतल्या आत सांडतं आहे. खांदा त्यानंच दुखत होता. ऑपरेशन करावं लागेल, आत्ताच. शेवटचं काय खाल्लं, केव्हा, असं त्यांनी विचारलं. काल रात्री, वर्षाली म्हणाली. आणि पाणी? तेही काल रात्रीच. तेवढं एक बरं झालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण लागल्यावर तासाभरात आल्या असतात तर आणखी बरं झालं असतं.

दारातल्या हवालदारानं गाडीचा नंबर विचारला. पांढरी गाडी, एवढंच तिला सांगता आलं. तो लिहिता लिहिता थांबला, तिच्याकडं पाहिलं, आणि पांढरी एवढंच लिहिलं.

मग परिचारिका सुई घेऊन आली, आणि वर्षालीनं दोन्ही मुठी आवळून छातीशी धरल्या.

"सलाईन नोको."

परिचारिका म्हणाली की रक्तही चढवायचं आहे, ताई, हात सोडा. वर्षालीनं डोळे मिटले, मुठी सोडल्या नाहीत. अंगात ताकद नव्हती, पण जी होती ती सगळी त्या बोटांत होती. ज्योत्स्ना विनवून थकली.

तेवढ्यात जीवन आला. निरोप मिळताच बाजारातून धावत आला होता, सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. ज्योत्स्नानं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो खाटेजवळ वाकला.

"हात दे त्याईले."

"नाही. तुमाले काही झालं मंग?"

"मले काय होते?"

"मांगं झालं ना. अर्धा गिलासच पेली होती मी."

परिचारिका सुई धरून उभी होती. जीवन बायकोच्या तोंडाकडं पाहत राहिला, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"वर्षाली, माह्या हातात बॅटरी नोती त्या दिवशी."

तिनं डोळे उघडले.

"बॅटरी घरी खुंटीले होती. पायात चप्पल बी नोती. आई बोलन म्हनून मी खोटं बोललो, अन् मंग सारेच म्हनाले लागले का नशिबात होतं, तं मी बी राहू देलं." त्यानं तिच्या आवळलेल्या मुठीवर हात ठेवला. "तू तो गिलास असा उरावर घेऊन बसली हे मले माहीत नोतं. खरंच नोतं."

वर्षाली त्याच्याकडं पाहत होती. रागावायला अंगात जागा नव्हती. दोन वर्षं ती दर सोमवारी, दर चतुर्थीला, दर रात्री दिवा लावताना त्या गिलासाची माफी मागत आली होती. आणि हा शेतात अनवाणी गेला होता.

"शपत?" तिनं विचारलं.

"आचलची."

डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या की आता थांबता येणार नाही. वर्षालीनं डावी मूठ उघडली. बोटं एकेक करून सुटली, तळव्यावर नखांचे चार लाल चंद्र उमटले होते. सुई गेली तेव्हा तिला ती कळलीही नाही. नळीतून पहिला थेंब उतरला, दुसरा उतरला. थंडपणा कोपरापर्यंत चढला.

प्रत्येक थेंबाला ती जीवनकडं पाहत होती. तो श्वास घेतो का, उभा आहे का, पायात काय आहे. पायात चपला होत्या.

"शेताकडे जाऊ नका आज," ती म्हणाली.

"नाही जात."

"उद्या बी."

"उद्या बी नाही. इथंच बसतो."

स्ट्रेचर हललं. तो कडेचा लोखंडी दांडा धरून सोबत चालत राहिला. हिरव्या दाराशी त्याला थांबवलं तेव्हा त्यानं दांडा सोडला. वर्षालीनं मान वळवून शक्य तेवढं मागं पाहिलं. दार मिटताना तो तिला दिसत होता, उभा, धड, सदऱ्यावर पाकळ्या. मग दिसेनासा झाला, आणि ती न दिसणाऱ्या त्याच्यासाठी मनातल्या मनात गौरीचं नाव घेत राहिली, तोंडावर भुलीचा मास्क येईपर्यंत.